अनुभव धागा : 'इंटरस्टेलर' तुम्ही कुठे आणि कोणाबरोबर पाहिलात?

परवा फोंड्याहून पणजीला येताना बसमध्ये पुढच्या सीटवर कॉलेजची दोन मुलं 'इंटरस्टेलर'वरून हमरीतुमरीवर आली होती. सिनेमातल्या कूपरने मुलीला सोडून अंतराळात जायला हवं होतं की नको? बाणस्तारीचा पूल ओलांडला तरी भांडण मिटलं नव्हतं. सिनेमा आला 7 नोव्हेंबर 2014 ला, तेव्हा ही पोरं दुसरी-तिसरीत असतील. फेब्रुवारी 2025 मध्ये तो पुन्हा थिएटरात लागला तेव्हा पाहिला म्हणाली.

म्हणून हा धागा. कथा सांगत बसू नका, ती सगळ्यांना पाठ आहे. तो पाहताना तुमचं काय झालं ते लिहा.

मी पणजीला पाहिला, जुन्या मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या आयनॉक्समध्ये, भावाबरोबर. यानाचा स्फोट होतो आणि बाहेरच्या दृश्यात आवाजच येत नाही. हवा नाही तर आवाज जाणार कशातून, हे शाळेत शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. त्या दिवशी अख्खं थिएटर गप्प झालं आणि मला ते पहिल्यांदा कळलं. आता तुम्ही लिहा, वर आपल्या गावाचं नाव टाकून.

म्हापसा

माझे बाबा तारवटी. मालवाहू बोटीवर, इंजिन रूममध्ये. नऊ महिने बोटीवर, तीन महिने घरी. माझ्या लहानपणी गणेशचवथीला ते घरी होते असं दोनदाच आठवतं. गणपतीवरची फळांची माटोळी बांधायला काका यायचे.

ते निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी हा सिनेमा आला. बाबा, आई, मी, तिघं गेलो. लाटांच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. तिथून परततात तेव्हा यानात 23 वर्षांचे निरोप साठून राहिलेले असतात. कूपर खुर्चीत बसतो आणि एकामागून एक बघत जातो. मुलगा मोठा होतो, लग्न करतो, बाप होतो. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि हातातच धरून ठेवला. पुढचा बराच वेळ त्यांनी चष्म्याशिवाय पडदा पाहिला.

घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावली. आत कॅसेटी. मी आणि दादा टेपरेकॉर्डरसमोर बसून बाबांसाठी बोलायचो, पाढे म्हणायचो, कोणाचा दात पडला ते सांगायचो. ती कॅसेट आधी एजंटाकडे जायची, मग बोट कुठल्या बंदराला लागेल तिथे. दोन-दोन महिने लागायचे. बाबा म्हणाले, "सातच्या पाढ्यात तू अडखळलेलीस ते मी सिंगापूरला ऐकलं. तोवर तू चौथीत गेली होतीस."

आई मात्र म्हणाली, "तुम्ही सगळी त्या बापासाठी रडता. तो दुसरा यानात एकटा थांबला 23 वर्षं, दाढी पिकली त्याची. त्याला कोण विचारतं?" ती रॉमिलीबद्दल बोलत होती. बाबा बोटीवर गेल्यावर संध्याकाळी तू काय करायचीस गं, हे मी तिला त्या रात्री पहिल्यांदा विचारलं.

मडगाव

मी थोडा विरोधात लिहितो, राग मानू नका. मला सिनेमा भव्य वाटला, जवळचा वाटला नाही. संगीत इतकं मोठं की संवाद बुडाले; मोक्याच्या वेळी प्राध्यापक ब्रँड काय म्हणाले ते मला घरी येऊन शोधावं लागलं. आणि प्रेम काळ-अवकाशाच्या पलीकडे पोचतं हे पात्राने तोंडाने सांगायची गरज नव्हती. वरचा म्हापशाचा अनुभव वाचल्यावर तर नक्कीच नव्हती. कृष्णविवराच्या आत गेलेला माणूस पुस्तकांच्या कपाटामागे पोचतो, तिथे तर मी हात टेकले. विज्ञानाच्या नावाखाली काहीही चालतं का?

वाळपई

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. मडगावकर, संवादांचं मान्य. कपाटाचं म्हणाल तर ती कल्पनाच आहे. कृष्णविवराच्या आत काय आहे ते कोणालाच ठाऊक नाही. पण बाहेरून जे दाखवलं त्याला 'काहीही' म्हणू नका.

किप थॉर्न या सिनेमाचे वैज्ञानिक सल्लागार आणि कार्यकारी निर्माते होते. गुरुत्वीय लहरींच्या कामासाठी त्यांना पुढे 2017 चं नोबेल विभागून मिळालं. त्यांनी समीकरणं दिली आणि दृश्य परिणाम करणाऱ्यांनी त्यावरून गार्गँटुआ, म्हणजे सिनेमातलं कृष्णविवर, घडवलं. एकेक फ्रेम तयार व्हायला काही वेळा 100 तासांपर्यंत लागले. विवराभोवतीची तप्त चकती वरून आणि खालून कमानीसारखी वळलेली दिसते ना, तो चित्रकाराचा शौक नाही. चकती सपाटच आहे. तिच्या मागच्या भागाचा प्रकाश वाकून आपल्यापर्यंत येतो.

10 एप्रिल 2019 ला खऱ्या कृष्णविवराचं पहिलं चित्र प्रसिद्ध झालं, एम 87 दीर्घिकेतलं, साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरचं. दोन्ही चित्रं छापून मी फळ्यावर शेजारी-शेजारी लावली. नववीतली एक मुलगी उठून जवळ गेली आणि म्हणाली, "सर, खऱ्यात एक बाजू जास्त उजळ आहे. सिनेमात का नाही?" मी खडू खाली ठेवला. आपल्याकडे येणारा वायू उजळ दिसतो आणि दूर जाणारा मंद. प्रेक्षक गोंधळतील म्हणून सिनेमात नेमकी तीच गोष्ट वगळली होती. सत्तरीतल्या एका पोरीने ती फळ्यावरच्या झेरॉक्सवरून पकडली.

काळ मंद होण्याचंही तसंच. गुरुत्वाकर्षण जास्त तिथे घड्याळ हळू चालतं. आपल्या मोबाइलला वाट दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्यांपेक्षा दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातात आणि ते सतत दुरुस्त करावं लागतं. मराठी वाचणाऱ्याला ही कल्पना नवी नसावी. जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवलेली 'कृष्णविवर' ही कथा 1974 सालची आहे. ती मी वाचनालयात उभ्या उभ्या वाचली होती.

एक आठवण सांगून थांबतो. सिनेमातलं वर्महोल, म्हणजे अवकाशातला आडवाटेचा बोगदा, शनीजवळ असतं, म्हणून पाहून आलेली मुलं शनी दाखवा म्हणून मागे लागली. पण त्या नोव्हेंबरात शनी सूर्याच्या पलीकडे होता. मे महिन्यापर्यंत थांबा म्हटलं. विसरतील असं वाटलं होतं. सुट्टी असून रात्री अकरा मुलं शाळेच्या पटांगणात आली. कडी दिसल्यावर एकजण दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाकडे गेला आणि भिंगावर कोणी चित्र चिकटवलंय का ते हात न लावता बघून आला.

पेडणे

मी भजनाला पेटी वाजवतो. मला त्यातला ऑर्गन लागला. लंडनच्या टेंपल चर्चमधला पाईप ऑर्गन आहे तो. संगीतकार हान्स झिमरला दिग्दर्शक नोलनने सिनेमा अंतराळाचा आहे हे सांगितलंच नव्हतं. बाप आणि लेकराबद्दल लिहिलेलं एक पान दिलं आणि त्यावर सूर बांधायला सांगितलं. पेटी काय, ऑर्गन काय, दोन्ही वाऱ्यावर वाजतात. भाता थांबला की सूर गेला. जिथे श्वास घ्यायला हवा नाही तिथल्या गोष्टीला हे वाद्य लावलं! दुसऱ्या दिवशी देवळात पेटी काढली आणि सुरुवातीला नुसता भाता ओढून वारा ऐकत बसलो.

डिचोली

सगळे अंतराळाबद्दल लिहिताहेत. मला पहिला तास लिहायचा आहे, ज्याला माझे मित्र संथ म्हणतात.

जेवणाच्या टेबलावर ताटं पालथी मांडलेली दाखवलीत, आठवतं? मी खुर्चीत सरळ झालो. आमचं घर खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्याला. आमच्याकडे ताट-वाटी पालथीच असायची, वाढायच्या क्षणाला उलटायची. कळशीवर ताटली, ताटलीवर फडकं. दारातल्या आंब्याची पानं पावसाळा सोडला तर लाल. आजी सकाळी उठून आधी उंबरा पुसायची, मग तोंड धुवायची. तिचा खोकला मला सिनेमातल्या त्या लहान मुलाच्या खोकल्यात ऐकू आला.

सुरुवातीला जी म्हातारी माणसं कॅमेऱ्याकडे बघून धुळीबद्दल सांगतात, त्यांतली बहुतेक नट नाहीत. 1930 च्या दशकात अमेरिकेत धुळीची वादळं झाली, त्यांतून वाचलेली ती खरी माणसं आहेत. एका माहितीपटातल्या मुलाखती घेतल्यात. हे नंतर कळलं, पण बघतानाच वाटलं होतं. धूळ पुसलेला माणूस हात कसा हलवतो ते ओळखू येतं.

सिनेमा आला तेव्हा खाणी बंद होऊन दोन वर्षं झाली होती. आंबा हिरवा होता. कर्ज काढून घेतलेला बाबांचा ट्रक मागच्या अंगणात उभा, चाकांना वेल लागलेली. धूळ नको होती आणि धुळीवरच घर चालत होतं. कूपर शेती करतो, पण मन यंत्रात असतं. बाबा रोज सकाळी त्या उभ्या ट्रकचं इंजिन पाच मिनिटं चालू करून ठेवायचे. सिनेमा मी एकट्याने पाहिला. त्यांना दाखवायला हवा होता. आता ते नाहीत.

म्हापसा

पुन्हा मीच. काल रात्री हा सगळा धागा बाबांना वाचून दाखवला. डिचोलीचं दोनदा वाचायला लावलं. मग बसमधल्या मुलांचा प्रश्न विचारला, कूपरने जायला हवं होतं का?

"जायलाच हवं होतं," बाबा म्हणाले. "पण पोरगी रुसलेली असताना निघायला नको होतं. बोटीवर जाताना माणूस भांडून निघत नाही. मी एकदाच निघालो होतो."

कधी, विचारलं तर आठवेना त्यांना.

आतून आई म्हणाली, "1991. मुरगावहून."