पिक लाईनमध्ये फ्लश जातोय, पण रक्त मागे येत नाही. काय करू?

मी मुलांच्या वॉर्डात स्टाफ नर्स. आधी मोठ्यांच्या आयसीयूत होते, त्यामुळे सेंट्रल लाईनची सवय आहे. पण मुलांच्या या दोऱ्यासारख्या लाईनी म्हणजे वेगळंच प्रकरण.

सहा वर्षांचा मुलगा, रक्ताचा कॅन्सर, उजव्या दंडात पिक लाईन (दंडाच्या शिरेतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली बारीक नळी). परवापासून सलाईनचा फ्लश (नळी धुवायला ढकलतो तो) अलगद जातो, पण मागे ओढलं की थेंब येत नाही. सीबीसीसाठी (रक्तपेशींची तपासणी) रोज टोचावं लागतंय. टूर्निकेट दिसला की पोरगं दोन्ही हात पांघरुणात घेतं. काल विचारत होतं, "सिस्टर, माझी नळी झोपली का?"

नाइटच्या मुलीने २ मिलीची सिरिंज लावून जोर केला. मी तिच्यावर ओरडले. (नंतर वाईट वाटलं, अख्खा वॉर्ड एकटीच्या अंगावर होता.) सिरिंज छोटी तितका दाब जास्त, लाईन फुटायची! मी १० मिलीचीच घेते, थांबत थांबत ढकलते. हब (सिरिंज लावायचं नळीचं तोंड) १५ सेकंद घासते. ड्रेसिंग सात दिवसांनी, शेवटचं शनिवारी झालं.

आरएमओ (वॉर्डातले निवासी डॉक्टर) म्हणतात, "फ्लश जातोय ना? मग उद्याचं व्हिन्क्रिस्टिन द्या." म्हणजे केमोचं औषध. माझं मन घेत नाही. मी उगाच घाबरतेय का?

प्रतिसाद

मुळीच नाही. नळीच्या टोकाशी फायब्रिन (रक्त गोठताना बनणारे धागे) साचलं की ते झडपेसारखं वागतं: आत जाऊ देतं, बाहेर येऊ देत नाही. कधी टोक शिरेच्या भिंतीला टेकलेलं असतं, कधी जागेवरून सरकलेलं. व्हिन्क्रिस्टिन शिरेबाहेर गेलं तर आतलं मांस जळतं. रक्त मागे आल्याशिवाय ते देऊ नका, तसं केस पेपरवर लिहा आणि थेट कन्सल्टंटना कळवा.

तोवर क्लॅम्प बघा, ड्रेसिंगखाली नळी दुमडली आहे का बघा. त्याला हात वर करायला, मान वळवायला, खोकायला सांगा. आणि दंडाबाहेरची नळी मोजा. हे सगळेच विसरतात. लाईन टाकली तेव्हाच्या नोंदीशी ताडून पाहा. अल्टेप्लेज (गुठळी विरघळवणारं औषध) घालायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील.

धागाकर्ती

मोजली. नोंदीत बाहेर ४ सेंमी आहे, आता ६ भरली. शनिवारी ड्रेसिंग मीच बदललं होतं. मॅडमना फोन केला, व्हिन्क्रिस्टिन थांबवलंय, पोराला एक्स-रेला घेऊन निघालेय.