‘बलवान करतात, दुर्बळ सोसतात’ हाच जगाचा नियम मानायचा का?

प्रश्न

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, तेव्हापासून थुसिडिडीज या प्राचीन ग्रीक इतिहासकाराचे, अथेन्स आणि स्पार्टा यांच्या युद्धावरील ग्रंथातले एक वाक्य लेखांत आणि चर्चांत वारंवार भेटते: बलवान त्यांना शक्य असते ते करतात आणि दुर्बळांना सोसावे लागते ते ते सोसतात. आपण ‘बळी तो कान पिळी’ म्हणतो तेव्हा त्यात निदान तक्रार असते. हे वाक्य मात्र निसर्गनियम सांगावा तसे सांगितले जाते. १९९४ मध्ये बुडापेस्ट येथे रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी युक्रेनच्या सीमांचा आदर करण्याचे लेखी वचन दिले, युक्रेनने आपल्या भूमीवरील अण्वस्त्रे सोडून दिली, आणि वीस वर्षांत क्रिमिया गेला. हे पाहिले की त्या वाक्याला उत्तर सुचत नाही. थुसिडिडीजला खरोखर हेच म्हणायचे आहे का? तसे असेल तर न्यायाविषयी वाचत बसण्याचे प्रयोजन काय?

पहिला प्रतिसाद

ते वाक्य थुसिडिडीजचे मत म्हणून आलेले नाही, इ. स. पू. ४१६ मध्ये मेलोस या लहान बेटाला शरण येण्यास सांगणाऱ्या अथेन्सच्या दूतांच्या तोंडी त्याने ते घातले आहे. न्यायाचा प्रश्न समबळ पक्षांमध्येच उद्भवतो, असे दूत म्हणतात. मेलोसचे लोक त्यावर जे उत्तर देतात ते फारसे कोणी उद्धृत करत नाही: संकटात सापडलेल्याला न्याय मागता यावा ही सर्वांच्याच हिताची गोष्ट आहे, आणि तुमच्याही, कारण तुम्ही पडाल तेव्हा तुमचाच सूड सर्वांत कठोरपणे घेतला जाईल. मेलोस पडले, हाती लागलेले प्रौढ पुरुष मारले गेले, स्त्रिया आणि मुले गुलाम म्हणून विकली गेली. यानंतर लगेचच ग्रंथात सिसिली बेटावरील अथेन्सच्या मोहिमेची हकिकत सुरू होते. त्या मोहिमेत अथेन्सचे सैन्य नष्ट झाले आणि अनेक कैदी तेथील सिराक्यूज शहराच्या दगडखाणींत तहानभुकेने मेले. लेखक भाष्य करत नाही, पण हा क्रम वाचकाने नजरेआड करू नये असे मला वाटते.

दुसरा प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी मी अर्धवट सहमत आहे. सिराक्यूजच्या खाणींमुळे मेलोसच्या मृतांना काहीही परत मिळत नाही, म्हणून ‘शेवटी पापाचा घडा भरतो’ असा अर्थ काढून समाधान मानणे मला पटत नाही.

मूळ प्रश्नाला खरे उत्तर त्याच ग्रंथात आधी, मितिलिनीच्या प्रकरणात आहे. इ. स. पू. ४२८ मध्ये त्या शहराने अथेन्सविरुद्ध बंड केले, पुढच्या वर्षी ते मोडल्यावर तेथील सर्व प्रौढ पुरुषांना ठार मारावे असा ठराव अथेन्सच्या सभेने केला आणि हुकूम घेऊन एक जहाज रवानाही झाले. दुसऱ्या दिवशी लोकांना आपला निर्णय भयंकर वाटू लागला, पुन्हा सभा भरली, आणि थोड्याच मतांनी ठराव फिरला. दुसरे जहाज सुटले तेव्हा पहिले सुमारे एक दिवस आणि एक रात्र पुढे होते. वल्हेकऱ्यांनी वल्ही मारता मारताच द्राक्षारस आणि तेलात कालवलेले जवाचे पीठ खाल्ले, ते पाळीपाळीने झोपले. पहिल्या जहाजाला मात्र आपल्या कामाची घाई नव्हती. सेनापतीने हुकूम वाचला होता, अंमल व्हायचा होता, तेवढ्यात दुसरे जहाज पोहोचले.

बलवान तेच, बळही तेच, तरी कृती बदलली. मात्र दयेच्या बाजूने बोलणाऱ्या डायोडोटसने न्यायाचा आधार घेतला नाही, अथेन्सच्या हिताचा घेतला. आणि बंडाचे सूत्रधार ठरवलेल्यांना पुढे मारण्यात आलेच. म्हणून मी या प्रसंगाला विजय म्हणणार नाही. बलवानाच्या घरात खुली चर्चा शिल्लक आहे का, यावर दुर्बळाचे प्राण अवलंबून असू शकतात, एवढेच तो दाखवतो. रशियात युद्धाला ‘युद्ध’ म्हणणेही शिक्षेस पात्र ठरू शकते, ही गोष्ट मला त्यामुळे फार गंभीर वाटते.

तिसरा प्रतिसाद

दुर्बळांचे स्वतःचे म्हणणेही या चर्चेत यायला हवे. २१ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत केनियाचे प्रतिनिधी मार्टिन किमानी यांनी सांगितले की आफ्रिकेच्या सीमा लंडन, पॅरिस आणि लिस्बन येथे आखल्या गेल्या, तरीही एकाच वंशाची राष्ट्रे घडवण्याच्या मागे लागून रक्तपात करत राहण्यापेक्षा आम्ही त्या सीमा स्वीकारल्या. परिषदेच्या सदस्यांसह बलवान राष्ट्रांनी गेल्या काही दशकांत आंतरराष्ट्रीय कायदा मोडल्याचा निषेधही त्यांनी त्याच भाषणात केला. भोगलेल्या अन्यायातून नियमाच्या बाजूने उभे राहण्याचा हा निर्णय मला मेलोसच्या युक्तिवादाचा थेट वारस वाटतो.

२ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ राष्ट्रांनी आक्रमणाचा निषेध करणाऱ्या ठरावाच्या बाजूने मत दिले, ५ राष्ट्रे ठरावाच्या विरोधात गेली आणि ३५ तटस्थ राहिली. त्या तटस्थांत भारत होता. मेलोसनेही तटस्थ राहू देण्याचीच विनंती केली होती, आणि तुमचे वैर आम्हाला तुमच्या मैत्रीपेक्षा कमी घातक आहे, असे सांगून अथेन्सने ती फेटाळली. भारताला ही मुभा मिळाली ती संयुक्त राष्ट्रांच्या सनदेमुळे की आपल्या आकारमानामुळे, याचे उत्तर आपण भारतीय वाचकांनी आधी शोधावे असे मला वाटते.