चीडच्या जंगलातली नियंत्रित जाळणी: झाडाच्या आत काय होते?

टेकडीकर_कोथरूड:
पुण्याच्या एम.एस्सी. वनस्पतिशास्त्राच्या एका गटासाठी उत्तराखंडातल्या चीड (पायनस रॉक्सबर्घाय) जंगलातील मोजमापांचा आराखडा करतो आहे. तिथे हिवाळ्यात वनविभाग पिरूल, म्हणजे गळलेल्या सुया, मुद्दाम जाळतो, म्हणजे उन्हाळ्यात मोठा वणवा पेटत नाही. खोड काळे पडले की झाडाला इजा झाली असे धरायचे का? वेताळ टेकडीवर गवत जळाले तरी ग्लिरिसिडिया बुंध्यातून पुन्हा फुटतो. चीडचेही तसेच समजायचे का? महागडी उपकरणे नाहीत.

सालपापुद्रा:
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: नाही. चीडचे कोवळे रोप जळाले तर बुंध्यातून फुटू शकते, पण मोठ्या झाडाचा शेंडा आणि कळ्या मेल्या की ते सहसा वाचत नाही. म्हणून टेकडीवरचे आडाखे तिकडे लावू नका.

काळेपणावरून काहीच ठरत नाही, बाहेरची मेलेली साल काळी होणारच. सालीखालचे कॅम्बियम, म्हणजे नवी साल आणि लाकूड तयार करणारा पातळ जिवंत थर, साधारण ६० अंश सेल्सिअसला मिनिटभरात मरते. ५० अंशांनाही मरते, फक्त वेळ जास्त लागतो. उष्णता आत पोचायला लागणारा वेळ सालीच्या जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ढोबळ सूत्र: मिनिटे = २.९ × (सेंटिमीटरमधील जाडी)². म्हणजे १ सेंमी साल सुमारे ३ मिनिटे टिकते, २ सेंमी जवळजवळ १२. कोरड्या सुयांची ज्वाला एका जागी इतकी थांबत नाही, त्यामुळे जाड सालीची झाडे सहसा वाचतात. कोवळ्या, पातळ सालीच्या झाडांचे तसे नाही.

खरा धोका बुंध्याशी साचलेल्या, अर्धवट कुजलेल्या थरात आहे. तो ज्वालेशिवाय तासन् तास धुमसतो आणि त्यापुढे जाड सालही हरते. वर्षानुवर्षे न जळलेल्या जंगलात पहिलीच जाळणी केली की जुनी, भरदार झाडे मरतात ती यानेच: त्या थरात शिरलेली बारीक मुळे भाजतात आणि बुंध्याची आंतरसालही शिजते.

रसवाहिनी:
आतले परिणाम वेगवेगळ्या वेळी दिसतात, हे आराखड्यात धरा.

बुंध्याभोवती आंतरसाल पूर्ण मेली तर पानांतली साखर मुळांपर्यंत उतरत नाही. पाणी मात्र वर चढत राहते, म्हणून झाड हिरवेच दिसते. मुळे साठवलेल्या स्टार्चवर जगतात आणि तो संपला की झाड वाळते. कधी याला दोन-तीन वर्षे लागतात! महिन्याभराच्या पाहणीवरून "जाळणी निर्धोक" असा निष्कर्ष काढला तर तो खोटा ठरेल.

सुया करपल्या तर प्रकाशसंश्लेषण घटते. उरलेल्या सुयांना वाट्याला पाणी आणि नायट्रोजन जास्त येते, त्या काही अंशी भरपाई करतात. मात्र करपलेली सुई आणि मेलेली कळी वेगळ्या मोजा. चीडच्या कळ्या जाड असतात, सुया तपकिरी होऊनही नवी पालवी येऊ शकते. थंड हवेत जाळण्याचा फायदा इथेच: १० अंशांवरून ६० गाठायला ३५ अंशांवरून गाठण्यापेक्षा बरीच जास्त उष्णता लागते. नवी वाढ सुरू होण्याआधी जाळणी उरकलेली बरी.

वाचलेल्या झाडांत जखमेलगत नव्या राळनलिका तयार होतात. सालकिड्यांविरुद्धचे हेच त्यांचे शस्त्र, पण ते तयार होईपर्यंत अशक्त झाडांवर किडे येतात.

सालपापुद्रा:
स्वस्त मोजमापे अशी. जाळणीआधी प्रत्येक झाडाच्या बुंध्याभोवती चार बाजूंना लोखंडी खिळे कुजट थराच्या पृष्ठभागाशी समतल ठोका. नंतर जितका खिळा उघडा पडेल तितका थर जळाला. सालीची जाडी बार्क गेजने (सालीत खुपसून जाडी मोजायचे साधे उपकरण) चारही बाजूंना घ्या, भेगेत नव्हे, कंगोऱ्यावर. उतारावर सुया खोडाच्या वरच्या अंगाला साचतात आणि वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला ज्वाला जास्त वेळ चिकटते, त्यामुळे एकाच बाजूचे मोजमाप फसवते. काही आठवड्यांनी त्याच चार जागी छोटा तुकडा काढून कॅम्बियम पाहा: पांढरट, ओलसर असेल तर जिवंत, तपकिरी, कोरडे किंवा राळेने भिजलेले असेल तर मेलेले. शंका असल्यास टेट्राझोलियमच्या द्रावणात ठेवा, जिवंत ऊतक लाल होते. सगळ्या झाडांची साल मात्र कापू नका, नमुन्याचीच कापा.

टेकडीकर_कोथरूड:
धन्यवाद. लीसा, म्हणजे चीडची राळ, काढण्यासाठी खाचा पाडलेल्या झाडांचे काय? आणि बुंध्याजवळचा थर आधी ओढून काढावा का?

रसवाहिनी:
लीसाच्या खाचेवर साल नसते आणि वाळलेली राळ असते, आग तिथेच आधी पकडते आणि लाकूड आत कोरत जाते. अशा झाडांचा गट वेगळाच ठेवा, नाहीतर आकडे मिसळतील. त्यांच्याभोवती मीटरभर सुया हलक्या दंताळ्याने बाजूला करा, ढीग खोडापासून लांब पसरा. खालचा कुजट थर खरवडू नका. त्यातली बारीक मुळे तुटली तर ती इजा जाळणीच्या नावावर जाईल. तो थर ओलसर असताना जाळणी केली की बहुतेक वेळा तो धुमसत नाही.