कारखान्याला परतावा, कॉलेजला तासिका?

तासिकावाली:
बारावीचा निकाल लागला की बातमी ठरलेली: कोकण विभाग पहिला. २०२४ ला ९७.५१ टक्के, २०२५ ला ९६.७४. पेढे वाटून होतात आणि जूनमध्ये हीच पोरं सॅक पाठीला लावून चिपळूण स्टेशनवर उभी. मी इथल्या एका अनुदानित कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशांवर, शिकवते. विभागात मंजूर जागा तीन, कायम माणूस एक. मे महिन्यात तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत.

दुसरीकडे राज्याची उद्योगांसाठीची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून या ना त्या रूपात चालूच आहे. मोठ्या प्रकल्पाला राज्य जीएसटीचा परतावा, वीज शुल्क माफ, मुद्रांक शुल्क माफ. माझं म्हणणं सरळ आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तरी आधी प्राध्यापक भरा, मग सवलती वाटा.

लोटेकर:
ताई, हिशेबात गफलत आहे. परतावा म्हणजे तिजोरीतून आगाऊ काढून दिलेली रक्कम नव्हे. कारखाना उभा राहिला, माल विकला, कर भरला, मग त्यातला वाटा परत. कारखानाच आला नाही तर तो करही नाही. तुमच्या प्राध्यापकांचा पगार कशातून काढणार? माझं लोट्याच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. चौदा माणसं, सगळी खेड-दापोलीकडची. मोठ्या कंपन्या आल्या म्हणून मी आहे.

खाडीकाठ:
आणि दाभोळचा एन्रॉनचा वीज प्रकल्प? वीज उचला न उचला, ठरलेला आकार भरायचा, असा करार वीज मंडळाने केला होता. २००१ ला प्रकल्प बंद पडला, २००५ ला सरकारी कंपन्यांना घेऊन रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी काढावी लागली. उद्योगाला पायघड्या घालण्याची किंमत आपण एकदा मोजलीय. शिवाय लोट्याचं सांडपाणी आमच्या खाडीत येतं. मासे मरतात तो खर्च कुठल्या रकान्यात लिहायचा?

लोटेकर:
दाभोळ हा फसलेला वीज खरेदी करार होता, करसवलत नव्हे. दोन्ही एका गोणीत भरू नका. सांडपाण्याबद्दल मात्र मी गप्प बसतो, तिथे बोलायला तोंड नाही. आणि सवलत फुकट मिळत नाही; ८० टक्के स्थानिकांना नोकरीची अट असते.

तासिकावाली:
त्या अटीत स्थानिक म्हणजे महाराष्ट्रातला, दादा. खेडमधला नव्हे.

देवगडचो म्हातारो:
माका एक सांगा. दापोलीचा कृषी विद्यापीठ १९७२ पासून आसा, शिरगावचा मत्स्य कॉलेज १९८१ पासून. थयसून शिकलेली पोरां खंय गेली? माझो झील मत्स्यविज्ञान शिकलो, आता आंध्रात कोळंबीच्या तळ्यांवर आसा. वर्षाक एकदा गणपतीक येता. समुद्र आपलो, काम त्यांचा. नुसती मास्तरां भरून काय होतला?

खाडीकाठ:
काका, मग कोळंबीच्या तळ्यांना, आंब्याच्या कॅनिंगला सवलत द्या की. परतावा मिळतो तो मोठी गुंतवणूक दाखवणाऱ्याला, पन्नास पेट्यांच्या बागायतदाराला नाही.

लोटेकर:
शिक्षणावर काहीच खर्च होत नाही असंही नका म्हणू. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आतल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात पूर्ण शुल्कमाफी आहे.

तासिकावाली:
आहे, आणि ती चांगली आहे. पण हवा तो कोर्स जवळ नसेल तर मुलगी पुण्यालाच जाणार. फी माफ झाली तरी खोलीचं भाडं आणि मेस बापाच्याच खिशातून. माझ्या वर्गातली एक मुलगी याच कारणाने थांबली. तुमचा मुद्दा मी अर्धा मानते, कर आल्याशिवाय पगार नाही. पण सवलत मागायला येणारी कंपनीच विचारते की शिकलेली माणसं कुठे मिळतील. त्यांना काय दाखवणार, रिकाम्या खुर्च्या?

लोटेकर:
हे मात्र खरं. मलाच क्वालिटीचे कागद बघायला माणूस मिळत नाही. जूनमध्ये तुमचा एखादा बी.एस्सी. झालेला मुलगा पाठवा, अठरा हजार देईन.

तासिकावाली:
अठरा हजारांत तो पनवेलची गाडी पकडेल. वर्षाची सरासरी काढली तर माझा महिनाही तेवढा पडत नाही. मीच येऊ का?