मोहिमेचं नेतृत्व करायचंय, बेसिकनंतर पुढे काय?

कातळवेडा: उत्तरकाशीच्या निममधून (नेहरू गिर्यारोहण संस्था) गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स झालाय, ‘ए’ ग्रेड. सह्याद्रीत लीड क्लाइंबिंग (दोर घेऊन सगळ्यात पुढे चढणं) चालू आहे. पुढे मोहिमांचा नेता व्हायचंय. अ‍ॅडव्हान्स आणि एमओआय (मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन) हे पुढचे कोर्स केले की पुरे? आणि बेस कॅम्पवर बसून नेता नक्की करतो काय?

रोपअप: अ‍ॅडव्हान्सलाही ‘ए’ काढा, त्याशिवाय एमओआयला घेत नाहीत. पण एमओआय म्हणजे शिकवायचं कसं याचा कोर्स. मोहीम चालवणं तिथे येत नाही. त्यासाठी ६००० मीटरच्या एखाद्या शिखरावर उपनेता म्हणून जा आणि कंटाळवाणी कामं मागून घ्या: आयएमएफची (इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशन) परवानगी, रेशनचा तक्ता, पोर्टरचा हिशेब. आणि नेत्याने स्वतः शिखर गाठलंच पाहिजे असं नाही: २०१९ ला उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या गिरिप्रेमी क्लबचे १० जण कांचनजुंगावर (८५८६ मी.) पोचले, त्या दहांत झिरपे स्वतः नव्हते.

हिमरेषा: बेस कॅम्पवर नेता मुख्यतः हिशेब करतो. एव्हरेस्टवरचा नेहमीचा सिलिंडर ४ लिटरचा, ३०० बार दाबाला भरलेला, म्हणजे १२०० लिटर ऑक्सिजन. मिनिटाला २ लिटरने १० तास, ४ लिटरने ५. साउथ कोलवरून (शिखराआधीचा शेवटचा कॅम्प) शिखर करून परत यायला १६ तास धरले तर २ च्या फ्लोवरही १९२० लिटर गेले. वर रांगेत २ तास अडकले, चढावर फ्लो वाढवला, की दोन सिलिंडर संपले. म्हणून माणशी तिसरा लागतोच. शेर्पांचे वेगळे मोजा, नवखे नेते नेमके तिथेच चुकतात.

सिलिंडर, रेग्युलेटर, मास्क खालीच जोडून बघा. २० अंशांना ३०० बार असलेला सिलिंडर उणे २५ ला साधारण २५० दाखवतो. घाबरू नका, वायू तेवढाच आहे. गळतीची शंका असेल तर त्याच तापमानाला काही तासांनी पुन्हा गेज वाचा.

कातळवेडा: आणि माघारीची वेळ? माणूस समिटपासून १०० मीटरवर असेल तर?

हिमरेषा: तरी मागेच. वेळ बेस कॅम्पवर ठरते: रात्री ९ ला निघाले तर दुपारी १२ ला जिथे असाल तिथून परत. ८७०० मीटरवरच्या माणसाला ‘कसं वाटतंय?’ विचारलंत तर ‘मस्त’च म्हणणार. त्याला गेजवरचा आकडा वाचायला लावा, शेर्पाशी वेगळं बोला. वॉकीटॉकीची जादा बॅटरी अंगालगतच्या खिशात. बाहेर ठेवलेली थंडीने बसते.

कॅम्पात रोज सकाळी प्रत्येकाला एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत सरळ रेषेत चालवा. तोल गेला की मेंदूला सूज आहे असंच धरायचं आणि लगेच खाली उतरवायचं, रात्र असली तरी. ऑक्सिमीटरवर भिस्त नको. हाताची बोटं गार असली की तो वाट्टेल ते दाखवतो.

रोपअप: पोटापाण्याचंही बघून ठेवा. क्लबच्या मोहिमेत नेत्याला मानधन मिळणं विरळाच, उलट निधीसाठी दारोदार तोच फिरतो. सप्टेंबर २०२५ पासून वसंत हंगामात नेपाळच्या बाजूने एव्हरेस्टला परदेशी माणसामागे नुसतं परवाना शुल्क १५००० डॉलर आहे. शेर्पा, ऑक्सिजन, विमा त्यावर.