राग सोडा म्हणे! (जेडाय, सिथ अन् आमचा धुरा)

काळ्या_मातीतला_सिथ
परवा 'धुऱ्यावरचा' यांनी इथं लिहिलं की स्टार वॉर्स या अंतराळातल्या लढायांच्या इंग्रजी मालिकेतले पहिले सहा सिनेमे ओळीनं पाहिले अन् जगायचा रस्ता सापडला. रस्ता कोणता, तर जेडायचा, म्हणजे त्यातल्या मोह-राग सोडलेल्या साधू-योद्ध्यांचा. हातातून जाईल ते जाऊ द्यावं, राग हे सिथचं, म्हणजे जेडायच्या रागावर पोसलेल्या वैऱ्यांचं, बी आहे, अन् शेतकऱ्यांच्या पोट्ट्यांनी तर हे आधी शिकावं. खाली सगळ्यांनी हात जोडले. मी दोन दिवस गप्प राहिलो. आता नाही राहवत.

भाऊ, २०१७ साली आमच्या चार एकर पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी शिरली. बोंड बाहेरून हिरवंगार, टणक. बाबांनी फोडलं तर आत सरकी पोखरलेली, कापसाची कवडी झालेली, अन् मधात एवढीशी गुलाबी अळी वळवळते. बाबांनी बोंड खाली टाकलं. अळी चिरडलीसुद्धा नाही. "जाऊ दे" म्हणाले. वजनकाट्यात मारलं, जाऊ दे. बियाणं उगवलं नाही, जाऊ दे. जेडायचा म्हातारा गुरू योडा, त्याच्या वरचढ जेडाय आमच्या घरी बाजेवर बसलेला आहे, आम्हाला नवीन शिकवणी नको.

मी मात्र पेटलो. पंचनाम्यासाठी चकरा मारल्या, टेबलावर हात आपटले, वर्षभरानं का होईना पैसे खात्यात आले. ते बाबांच्या शांतीनं नाही आले. सिथ लोकांच्या संहितेत आवेशातून बळ, बळातून विजय अन् शेवटी साखळ्या तुटतात. साखळी ज्याच्या पायात आहे त्यालाच ते समजते.

पॅडावान_पुसद
बारीकशी दुरुस्ती. १९७७ ते २००५ च्या त्या सहा सिनेमांत तुमची सिथ संहिता कोणी म्हणतच नाही. ती २००३ च्या एका व्हिडिओ गेममधली आहे. अन् सिथमध्ये दोघंच असतात, एक गुरू, एक चेला. गुरूला मारल्याशिवाय चेल्याची बढती नाही. साखळ्या कोणाच्या तुटतात म्हणता?

काळ्या_मातीतला_सिथ
आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत यापेक्षा वेगळं काय होते?

रिद्धपूरकर
अनासक्ती शिकायला परग्रहावर जायची गरज नाही. आमच्या महानुभाव पंथाच्या चक्रधरांनी तेराव्या शतकात हेच सांगितलं. देश सोडा, गाव सोडा, नातेवाइकांचा संबंध तर पहिले सोडा. जेडाय म्हणजे महानुभावांची उशिरा निघालेली आवृत्ती. फक्त आमच्याकडे तलवार नाही, किडामुंगीही मारू नये हा आमचा आचार. लोकांना लीळाचरित्र वाचायला वेळ नाही अन् त्या हिरव्या बुटक्या योडाचं प्रवचन तोंडपाठ.

वरुडची_संत्री
मी बोलू का? पुढं सिथ होणारा पोरगा अनाकिन, त्याची आई श्मी. गुलाम बाई. १९९९ च्या सिनेमात जेडाय येतो, पोराला सोडवून घेऊन जातो, आईला तिथंच ठेवतो. पुढं दहा वर्षं त्या मोठ्या संघातलं कोणीही तिची विचारपूस करायला जात नाही. मग पोराला आईची वाईट स्वप्नं पडतात अन् हे लोक म्हणतात, मोह सोड. मोह सोडणं सोपं आहे हो, मागं भाकरी थापणारं कोणी असलं की.

गाडगेबाबांवर माझी श्रद्धा आहे, कोणी अंगावर येऊ नका. एकुलता एक मुलगा गेल्याचा निरोप आला, बाबांनी कीर्तन थांबवलं नाही, हे आम्हाला लहानपणापासून सांगितलं. खरंच मोठं मन. पण कुंताबाईंनी ती रात्र कशी काढली, हे कोणत्या कीर्तनकारानं सांगितलेलं मला आठवत नाही.

रिद्धपूरकर
संतांना सिनेमात ओढू नये. एवढं बोलून थांबतो.

काळ्या_मातीतला_सिथ
चक्रधर तुम्हीच आणले ना बाप्पा! अन् संतांचंच म्हणता तर तुकडोजी महाराज घ्या. १९४२ मध्ये चिमूर पेटलं, इंग्रजांनी महाराजांना उचलून तुरुंगात टाकलं. 'जाऊ दे' म्हणणाऱ्या माणसाला कोणतं सरकार भिते?

पॅडावान_पुसद
@वरुडची_संत्री, श्मीला सोडवलं की. क्लीग लार्सनं विकत घेतलं, मोकळं केलं, मग लग्न केलं. तिला पळवून नेलं तेव्हा तीस जण शोधायला गेले, चार परत आले. क्लीगचा पाय गेला.

वरुडची_संत्री
अन् क्लीग कोण होता? शेतकरी! म्हणजे जेडायच्या अख्ख्या मंदिरानं जे केलं नाही ते एका कास्तकारानं केलं. माझंच म्हणणं झालं हे.

पुण्यातला_पोट्टा
त्याच क्लीगचा पोरगा ओवेन. त्याचं काय? अनाकिनचा पोरगा ल्यूक या ओवेनकाकाकडे शेतावर वाढला. त्याला बाहेर शिकायला जायचं होतं, हा म्हणे एक हंगाम अजून थांब. मलाही असंच तीन वर्षं थांबवलं. "सोयाबीन निघू दे", मग "तूर निघू दे", मग "बहिणीचं होऊ दे". ल्यूक ते दोन सूर्य पाहत उभा राहतो ना, त्या जागी मी आमच्या खळ्यात उभा होतो. सिथपेक्षा जास्त पोरं या काकांनी मारली.

ओलीतवाला
पोट्टा गेला तर रात्री दोनला मोटर कोण लावते बे? तू? पुण्यातून? आमच्याकडे दिवसा लाईन नाही, रात्री येते, अन् ते बी फेजचा भरोसा नाही. हरभरा ओलाले जा त पायाखाली साप हाय का दोर हाय ते दिसत नाही. ओवेन हवेतून पाणी काढून शेती करत होता लेका! गडी भेटत नाही म्हणून त्यानं जुने रोबोट घेतले, त्यातला पहिला तिथंच धूर सोडून बंद पडला. मी मागच्या साली जुना पंप घेतला, सेम कहाणी.

पुण्यातला_पोट्टा
म्हणजे पोरगा हा फुकटातला रोबोट. धन्यवाद काका, एवढं स्पष्ट आमचे बाबाही बोलले नव्हते.

ओलीतवाला
हाव, फुकटातला. अन् तुले खाऊ कोण घालत होतं, बापाले पगार होता का? ओवेन वाईट नव्हता. त्याले भेव होतं, पोट्टा बापासारखा होईल म्हणून. अन् शेवटी घरादारासकट जळाला तोच. त्याच्यासाठी ल्यूक किती मिनिटं रडला ते मोजून सांग.

पुण्यातला_पोट्टा
…ते मात्र कमीच रडला. मान्य. पण ओवेननं खरं काय ते एकदा सांगायचं होतं. "हंगाम, हंगाम" काय लावलं?

वरुडची_संत्री
आमच्याकडचा कोणता बाप खरं कारण सांगते? "मले भेव वाटते" असं म्हणालेला बाप मी अजून पाहिला नाही.

धुऱ्यावरचा
दोन दिवस शेतात होतो, आज वाचलं. काळ्या मातीतल्या भाऊ, माझी पोस्ट गुळगुळीत झाली, कबूल. राग का सोडा म्हटलं ते लिहायचं राहिलं.

माझा अन् मोठ्या भावाचा धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद होता. त्यानं धुरा फोडून माझ्याकडले तुरीचे दोन तास, म्हणजे दोन ओळी, दाबले. चूक त्याची, मोजणीतही तेच निघालं. मी केस टाकली. अकरा वर्षं. गावातून कोर्टाच्या गावाला एकच एसटी, सकाळी सातची. तो पुढच्या सीटवर, मी मागच्या. अकरा वर्षं मी त्याच्या मानेकडे पाहत गेलो. केस कधी पांढरे झाले, शर्टाची कॉलर कोणत्या साली उलटवून शिवली, सगळं पाठ. मी रोज पेटलेला होतो, तुमच्यासारखाच. बळ आलं? बैलजोडी विकली वकिलापायी. मग एका तारखेला मी एसटीत चढलोच नाही. बस एवढंच. त्याला मी जेडाय म्हटलं, चुकीचं असेल.

काळ्या_मातीतला_सिथ
हे आधी लिहिलं असतं तर मी एवढं टाइप केलं नसतं. तरी माझा मुद्दा सोडत नाही. तुमच्यासमोर भाऊ होता, माझ्यासमोर टेबल. टेबलासमोर शांत बसून काही भेटत नाही.

पॅडावान_पुसद
१९८३ च्या सिनेमाचा शेवट दोघांनीही परत पाहा. ल्यूक आधी रागातच बापावर तुटून पडतो, त्याचा हात तोडतो, मग स्वतःच्या यांत्रिक हाताकडे पाहून तलवार फेकून देतो. पण बापाचा नाद सोडत नाही. सिथचं ऐकलं असतं तर बापाला मारला असता, जेडायचं ऐकलं असतं तरी मारलाच असता.

काळ्या_मातीतला_सिथ
वा, म्हणजे सगळेच बरोबर. घ्या, नारळ फोडा.

बरं धुऱ्यावरचे भाऊ, ते दोन तास आता कोण पेरते?

धुऱ्यावरचा
तोच. यंदा पोतंभर तुरीच्या शेंगा ओट्यावर ठेवून गेला. बोलला नाही.

काळ्या_मातीतला_सिथ
मग? परत पाठवल्या?

धुऱ्यावरचा
उकडल्या. मीठ जास्त पडलं.

ओलीतवाला
विषय ओवेनचा चालू होता. पुण्यातला पोट्टा कुठं गेला?