'पिंडी ते ब्रह्मांडी' हे विज्ञान म्हणून खपवावं का?

नभांगण (धागाकर्ता)
सध्या एक चित्र गटागटांतून फिरतंय. डावीकडे मेंदूतल्या चेतापेशी, उजवीकडे दीर्घिकांचं (ताऱ्यांच्या प्रचंड समूहांचं) जाळं आणि खाली 'पिंडी ते ब्रह्मांडी'. त्याच्याच जोडीला दुसरं चित्र: सूर्यफूल, नॉटिलस या समुद्री जीवाचा शंख, चक्रीवादळ, आकाशगंगा आणि सगळ्यांवर एकच सुवर्ण सर्पिल, म्हणजे ठरावीक प्रमाणात रुंदावत जाणारं वळण. माझ्या मते यातून विश्वाच्या रचनेबद्दल काहीही सिद्ध होत नाही. सुवर्ण सर्पिल एका पूर्ण फेऱ्यात जवळपास ६.८५ पट रुंदावतं. नॉटिलसचा शंख साधारण तिप्पट. दीर्घिकांच्या भुजा तर काहींच्या घट्ट गुंडाळलेल्या, काहींच्या सैल. चित्रात सगळं जुळतं, कारण जुळणारी दीर्घिका आधीच निवडलेली असते.

काळी माती
असहमत. शंख सोडा, सूर्यफूल घ्या. दाणे भरलेलं फूल हातात धरा, एका दाण्यावर बोट ठेवा आणि डावीकडे वळणाऱ्या रांगा मोजत कडेने फिरा. मग उजवीकडे वळणाऱ्या मोजा. बहुतेक वेळा ३४ आणि ५५ येतील, मोठ्या फुलात ५५ आणि ८९. हा योगायोग म्हणायचा? १९९२ साली दुआदी आणि कुदेर या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी तेलाच्या ताटलीत चुंबकीय द्रवाचे थेंब ठरावीक अंतराने सोडले. थेंब एकमेकांना दूर ढकलत होते. सावकाश सोडले तर आलटूनपालटून समोरासमोरच्या दिशांना जात. भरभर सोडले की हीच सर्पिलं उमटत. तिथे जनुक नाही, पेशी नाही, ऊनपाऊस नाही. तरी तोच नमुना येतो, म्हणजे नियम एकच आहे.

गणमात्रा
काळी माती यांना दुजोरा. ३४, ५५, ८९ हे आकडे ज्या क्रमातले आहेत, तोच क्रम जैन आचार्य हेमचंद्राने १२ व्या शतकात छंदशास्त्रात मांडला, इटालियन गणिती फिबोनाचीच्या १२०२ च्या ग्रंथाआधी. ठरावीक मात्रांची ओळ शेवटी लघूवर (एक मात्रा) संपेल किंवा गुरूवर (दोन मात्रा), म्हणून अशा ओळी किती होतील हे मोजलं तर प्रत्येक संख्या आधीच्या दोन संख्यांची बेरीज. फुलात आणि वृत्तात तेच गणित असेल, तर ते वरवरचं कसं?

नभांगण
गणित वरवरचं नाही. सूर्यफुलाचं कारण आपल्याला माहीत आहे, म्हणूनच ते उदाहरण मोलाचं आहे: प्रत्येक नवा अंकुर सर्वांत मोकळ्या जागेत येतो, म्हणून आधीच्या अंकुराशी १३७.५ अंशांच्या आसपासचा कोन करतो. दीर्घिकेत असं काही घडत नाही. लिन आणि शू या संशोधकांनी १९६४ मध्ये मांडलं की सर्पिल भुजा ही घनतेची लाट असते. तारे तिच्यात शिरतात आणि पुढे निघून जातात. सूर्यफुलाचा दाणा आपली रांग सोडत नाही. आकार सारखा दिसला तरी घडण वेगळी.

कातळकडा
अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहा, जिच्या माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे. सरळसोट काळे षटकोनी खांब, वय सुमारे ६.६ कोटी वर्षं. लाव्हा निवताना आकसला आणि तडे वरून आत उतरत गेले. वाळणाऱ्या चिखलात भेगा पडतात त्याही आकसण्यामुळेच. हे नातं खरं आहे. पण शनीच्या उत्तर ध्रुवावरही ढगांचा षटकोन आहे, त्याची एकेक बाजू पृथ्वीच्या व्यासापेक्षा लांब. तिथे काही आकसलेलं नाही; ती वेगवान वाऱ्याची लाट आहे. षटकोन दिसला म्हणून शनी आणि गिल्बर्ट हिल भाऊ ठरत नाहीत. टेकडीचा आता एवढासाच सुळका उरलाय, आजूबाजूचा कातळ आपणच फोडून नेला. याचं मला फार वाईट वाटतं.

अंतर्नाद
तुम्ही सगळे मूळ चित्राला बगल देताय. २०२० मध्ये खगोलशास्त्रज्ञ वाझा आणि मेंदूशल्यविशारद फेलेत्ती यांनी मेंदूचे छेद आणि विश्वजाळ्याची संगणकीय प्रतिरूपं मोजून ताडून पाहिली. आकारात एकावर २७ शून्यांचा फरक, तरी घनतेच्या चढउतारांची वाटणी बरीच मिळतीजुळती निघाली. हे आकडेवारीनं केलेलं काम आहे, रंगवलेलं चित्र नाही. शेकडो वर्षं आपली माणसं जे म्हणत आली, ते मोजमापाने पुढे येतंय, तर इतका आकस का?

नभांगण
आकस अजिबात नाही. मोजमापातलं साम्य मला मान्य आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष नाही. विश्वाचं जाळं गुरुत्वाकर्षणाने विणलं. सुरुवातीला घनतेत लाखात एक इतकाच फरक होता, तोच वाढत गेला. मेंदूची जाळी संदेश वाहते. पुण्याच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये सापडलेला 'सरस्वती' हा दीर्घिकांचा महासमूह सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षं पसरलाय. एका टोकाचा संदेश दुसऱ्या टोकाला पोचायला ६० कोटी वर्षं लागतील. शिवाय तोच नमुना अधिकाधिक मोठ्या पातळीवर चालूच राहत नाही. साधारण ३० कोटी प्रकाशवर्षांच्या पलीकडे विश्व सरासरीने सारखं होत जातं.

अंतर्नाद
३० कोटींच्या पुढे सारखं, आणि सरस्वती ६० कोटींची? तुमचंच उदाहरण तुमच्या विरोधात जातंय.

नभांगण
प्रश्न रास्त आहे. 'सरासरीने' हा शब्द म्हणूनच घातला. विश्वात कुठेही तेवढ्या मापाचे गोल आखले आणि आतल्या दीर्घिका मोजल्या, तर आकडे फारसे हलत नाहीत. अधूनमधून सरस्वतीसारखी रचना त्यात बसते. अशा किती सापडल्यावर 'सरासरी' डळमळेल, यावर खगोलशास्त्रज्ञांतही वाद आहे आणि तो मला या चित्रापेक्षा कितीतरी महत्त्वाचा वाटतो. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो.